जखमेची दलाली आणि इंग्लंडचा कायदा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१३ रोजी अमलात आलेल्या तरतुदींनुसार, अपघातात शारीरिक इजा झालेल्या माणसाचे प्रकरण वकिलाकडे पाठवल्याबद्दल पैसे घेणे आणि असे प्रकरण मिळवण्यासाठी पैसे देणे, या दोन्ही गोष्टींना मनाई झाली. या मोबदल्याला तिकडे रेफरल फी म्हणत. सरळ मराठीत ती गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दलची दलाली होती, आणि बंदी येण्यापूर्वीची नऊ वर्षे ती उघडपणे, वकिलांच्याच व्यावसायिक संस्थेच्या संमतीने दिली-घेतली जात होती. ज्या व्यवसायाने जवळजवळ सत्तर वर्षे ही दलाली निषिद्ध मानली, त्यानेच ती २००४ मध्ये वैध का केली आणि अवघ्या आठ वर्षांत संसदेला ती पुन्हा निषिद्ध का ठरवावी लागली, याचा उलगडा वकिलांच्या किंवा विमा कंपन्यांच्या हावेवर सारा दोष टाकून होत नाही, कारण हाव दोन्ही काळांत होतीच. बदलला होता तो दाव्याचा खर्च कोणी सोसायचा याविषयीचा नियम. त्या नियमाने वकिलाच्या हाती जो जादा पैसा ठेवला, त्याच पैशातून दलालीचा बाजार उभा राहिला आणि तो पैसा आटेपर्यंत कोणतीही बंदी पुरती पडली नाही.

जुन्या इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या वादात पैसा गुंतवणे हाच मुळात गुन्हा होता. पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने, दाव्यातील मिळकतीत वाटा ठरवून घेऊन तो दावा चालवण्यास राजाच्या अधिकाऱ्यांना मनाई केली. पुढे, संबंध नसताना दुसऱ्याचा दावा पोसण्याला ‘मेन्टेनन्स’ आणि त्याच्या फळात हिस्सा ठरवून घेण्याला ‘चॅम्पर्टी’ अशी नावे रूढ झाली. बलाढ्य माणसांनी दुबळ्यांचे वाद पदरात घेऊन न्यायालयांवर दडपण आणू नये, हा त्यामागचा हेतू होता. १९६७ च्या फौजदारी कायद्याने हे गुन्हे रद्द झाले, तरी असे करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवण्याचा न्यायालयांचा अधिकार शाबूत राहिला. सॉलिसिटरांच्या, म्हणजे पक्षकाराशी थेट व्यवहार करून दावा उभा करणाऱ्या वकिलांच्या, १९३६ च्या व्यवसाय-नियमांनी गिऱ्हाइकांसाठी दारोदार फिरणे आणि आपल्या फीत बाहेरच्या माणसाला वाटेकरी करून घेणे निषिद्ध ठरवले. सॉलिसिटरांना जाहिरात करण्याची मुभासुद्धा १९८४ मध्ये मिळाली, यावरून या शिस्तीची पकड किती घट्ट होती हे दिसते.

हिंदुस्थानात हा कायदा जसाच्या तसा कधी लागू झाला नाही, आणि हा फरक मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राम कुमार कुंडू विरुद्ध चंदर कांतो मुखर्जी या १८७६ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने चॅम्पर्टीचा इंग्रजी कायदा येथे लागू नसल्याचे सांगितले आणि दाव्याला पैसा पुरवण्याचा करार केवळ तेवढ्यावरून अवैध ठरत नाही, मात्र तो पिळवणुकीचा किंवा अन्याय्य असल्यास न्यायालयाने तो मानू नये, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशाला झालेल्या प्रांतिक दुरुस्तीत दाव्याला पैसा पुरवणाऱ्याचे अस्तित्व स्पष्टपणे गृहीत धरले असून, त्याच्याकडून खर्चाची हमी मागण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे. याउलट गिऱ्हाईक ओढून आणणाऱ्या मध्यस्थाविषयी येथील कायदा कठोर राहिला: १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टच्या ३६ व्या कलमान्वये न्यायालयांना टाउटांच्या, म्हणजे दलालांच्या, याद्या तयार करून लावता येत, आणि २०२३ मध्ये तो जुना कायदा रद्द करताना ही तरतूद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये घेण्यात आली. दाव्याच्या निकालावर फी ठरवण्यासही भारतीय वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. इंग्लंडमधील पुढची सारी गुंतागुंत सुरू झाली ती नेमकी याच मनाईला तेथे मुरड घातली गेली तेव्हा.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या कायद्याने, इंग्लंडमध्ये सरकारी कायदेशीर मदत सुरू झाली आणि अल्प उत्पन्नाच्या जखमी माणसाला सरकारी खर्चाने दावा लावता येऊ लागला. पुढील दशकांत या मदतीवरील खर्च वाढत गेला आणि तिच्या कक्षेत बसणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण घटत गेले, तेव्हा सरकारने पर्याय म्हणून सशर्त फीची वाट खुली केली. १९९० च्या न्यायालये व विधिसेवा कायद्यात तिची तरतूद झाली आणि १९९५ पासून ती प्रत्यक्षात आली. या पद्धतीत दावा हरल्यास वकील काहीच घेत नसे आणि जिंकल्यास मूळ फीवर, जास्तीत जास्त शंभर टक्क्यांपर्यंत, ‘सक्सेस फी’ नावाची वाढीव रक्कम घेत असे. वकिलाने पत्करलेल्या धोक्याची ती भरपाई मानली जाई. ही वाढीव रक्कम सुरुवातीला पक्षकाराला स्वतःच्या नुकसानभरपाईतून द्यावी लागे आणि ती भरपाईच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावी, असा सल्ला सॉलिसिटरांच्या लॉ सोसायटीने आपल्या सदस्यांना दिला होता. या टप्प्यावर पक्षकाराला वकिलाच्या फीची झळ लागत होती आणि म्हणूनच ती तपासून पाहण्याचे कारणही त्याच्यापाशी होते.

१९९९ च्या ‘अ‍ॅक्सेस टु जस्टिस अ‍ॅक्ट’ने ही झळ काढून घेतली. त्या कायद्याने शारीरिक इजेच्या बहुतेक दाव्यांची सरकारी मदत बंद केली आणि तिच्या बदल्यात, एप्रिल २००० पासून, सक्सेस फी हरलेल्या प्रतिवादीकडून वसूल करण्याची मुभा दिली. त्याचबरोबर, दावा फसल्यास प्रतिपक्षाचा खर्च भागवण्यासाठी अपघातानंतर जो विमा उतरवला जाई, त्याचा हप्ताही प्रतिवादीच्याच माथी टाकण्यात आला. रस्त्यावरील अपघातात प्रतिवादी म्हणजे व्यवहारात त्याची विमा कंपनी. परिणामी दोन हजार पौंडांची मूळ फी शंभर टक्के सक्सेस फीसह चार हजारांवर जाऊ शके, त्यावर विम्याचा हप्ता चढे, आणि वादीला मात्र या रकमेशी काहीच देणेघेणे नसे, कारण तो जिंकला तरी आणि हरला तरी त्याच्या खिशातून काहीच जाणार नव्हते. गरिबाला न्यायालयाचे दार उघडे राहावे हा हेतू प्रामाणिक होता आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या खरेदीची किंमत खरेदीदार मोजत नाही, तिथे किमतीला लगाम घालणारे कोणी उरत नाही, हे त्या कायद्याच्या कर्त्यांनी पुरेसे ओळखले नाही. साध्या मोटार दाव्यांत सक्सेस फी किती असावी, याचा वाद कॅलरी विरुद्ध ग्रे या प्रकरणात २००२ मध्ये, तेव्हा अंतिम अपील न्यायालय असलेल्या, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि तेथील न्यायाधीशांनी ही घडी बसवण्याचे काम खालच्या न्यायालयांवर सोपवले. शेवटी २००३-०४ मध्ये साध्या मोटार दाव्यांसाठी खर्चाचे दर आणि साडेबारा टक्के सक्सेस फी ठरवून देण्यात आली, पण तोवर एक नवा धंदा उभा राहिला होता.

हा धंदा दावा-व्यवस्थापन कंपन्यांचा होता. त्यांच्याकडे वकिलीची सनद नव्हती, त्यामुळे वकिलांची शिस्तही त्यांना लागू नव्हती. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमधून आणि बाजारपेठेच्या रस्त्यांवर उभ्या केलेल्या विक्रेत्यांमार्फत त्या जखमी माणसे गोळा करीत, त्यांना विमा आणि कर्ज विकत आणि प्रकरण सॉलिसिटरकडे सोपवीत. २००० साली लंडनच्या शेअर बाजारात उतरलेली ‘क्लेम्स डायरेक्ट’ ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली. तिच्या अनेक ग्राहकांच्या हाती, विम्याचा हप्ता आणि इतर कपाती वजा जाता, भरपाईचा क्षुल्लक भाग उरल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या आणि २००२ च्या जुलैत ती कंपनी कोसळली. पुढच्या मे महिन्यात ‘द अ‍ॅक्सिडेंट ग्रुप’ बुडाला आणि त्याच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना नोकरी गेल्याची बातमी मोबाइलवरील संदेशातून कळली.

अ‍ॅक्सिडेंट ग्रुपच्या प्रकरणांतून न्यायालयापुढे आलेला प्रश्न या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. गटाशी जोडलेले सॉलिसिटर प्रत्येक प्रकरणामागे गटाच्याच एका कंपनीला ‘तपास शुल्क’ देत आणि ते खर्च म्हणून प्रतिवादीच्या विमा कंपनीकडून मागत. हे शुल्क तपासाचे आहे की प्रकरण मिळवून दिल्याचे, हे ठरवताना खर्चविषयक न्यायाधीशांनी कागदावरील नाव बाजूला ठेवून व्यवहाराचा आशय पाहिला आणि तो दलालीचा असल्याचा निष्कर्ष काढला. अपील न्यायालयाने २००४ मध्ये तो उचलून धरला. दलालीला सेवेचा मुखवटा चढवण्याची युक्ती तेव्हाच उघडी पडली होती आणि पुढे जेव्हा संसदेने बंदी घातली, तेव्हा मसुदा करणाऱ्यांनी नेमकी हीच युक्ती समोर धरली.

दुर्दैव असे की, न्यायालये हा मुखवटा उतरवत असतानाच व्यवसायाने मुखवट्याची गरजच संपवली. निष्पक्ष व्यापार कार्यालयाने, म्हणजे स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ च्या मार्चमध्ये व्यवसायांतील स्पर्धेविषयी अहवाल देऊन वकिलांवरील अशा निर्बंधांवर बोट ठेवले होते. मनाई सर्रास मोडली जात असल्याने ती राबवणे कठीण झाले आहे, असेही व्यवसायातले अनेक जण म्हणत होते. मार्च २००४ मध्ये लॉ सोसायटीने मनाई उठवली आणि सॉलिसिटरने दिलेली दलाली पक्षकाराला सांगितली पाहिजे, तिचा त्याच्या हितावर परिणाम होता कामा नये, एवढ्या अटी ठेवल्या. उघड केलेला व्यवहार आपोआप निर्दोष होतो, ही त्या काळच्या नियामकांची श्रद्धा होती. मानेला हिसका बसलेल्या, घाबरलेल्या आणि गाडी गॅरेजमध्ये पडलेल्या माणसाला, त्याचे प्रकरण अमुक पौंडांना विकले गेले आहे हे छापील पत्रातल्या एका ओळीत कळवल्याने त्याच्या हाती नेमके कोणते बळ येणार होते, याचा विचार त्या चर्चेत फारसा झाला नाही, आणि हीच त्या निर्णयातली सर्वांत मोठी उणीव होती.

मनाई उठल्यावर प्रकरणांना लिलावाचे स्वरूप आले. अपघातस्थळावरून गाडी ओढून नेणारा, ती दुरुस्त करणारा, बदली गाडी भाड्याने देणारा, विम्याचा दलाल आणि स्वतः विमा कंपनी, यांपैकी ज्याच्या हाती जखमी माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रथम लागे, तो ते सर्वाधिक दर देणाऱ्या सॉलिसिटरला विके, आणि हा दर एका प्रकरणामागे कित्येकशे पौंडांपर्यंत चढला. सॉलिसिटरला तो परवडे, कारण ठरीव दराने मिळणारी त्याची फी प्रत्यक्ष कामाच्या मानाने मोठी होती आणि ती विरुद्ध बाजूची विमा कंपनी भरणार होती. २०१० च्या एप्रिलमध्ये एक ते दहा हजार पौंडांच्या मोटार दाव्यांसाठी संगणकीय पोर्टल सुरू झाले, तेव्हाही दायित्व मान्य झालेल्या साध्या प्रकरणासाठी सॉलिसिटरला १,२०० पौंड ठरवून दिले गेले. या रकमेतला मोठा वाटा दलालाला देऊनही नफा उरत असेल, तर ती रक्कम कामाच्या मोलापेक्षा जास्त आहे, हे अनुमान अपरिहार्य होते.

या बाजारात विमा कंपन्यांची भूमिका सर्वांत चमत्कारिक होती. ज्या कंपनीचा ग्राहक अपघातात निर्दोष असे, ती त्याची माहिती सॉलिसिटरला विकून पैसे मिळवी, आणि तो सॉलिसिटर समोरच्या ड्रायव्हरच्या विमा कंपनीवर दावा लावी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अपघातात हीच गोष्ट उलट्या दिशेने घडे. प्रत्येक कंपनीला दलालीचे उत्पन्न मिळे आणि प्रत्येकीचा दाव्यांवरील खर्च त्याहून अधिक वाढे, पण कोणा एकीने दलाली सोडली तर तिचे उत्पन्न तेवढे बुडे आणि खर्च मात्र कायम राहत असे. म्हणूनच विमा कंपन्यांची संघटना बंदीची मागणी करीत होती आणि तिच्या सदस्य कंपन्या दलाली घेतही होत्या. या दोन गोष्टींत ढोंग असेलही, परंतु त्याहून अधिक ते अशा पेचाचे लक्षण होते, ज्यातून सर्वांना एकाच वेळी बांधणाऱ्या नियमाशिवाय सुटका नसते. दरम्यान मोटार विम्याचे हप्ते मार्च २०११ पर्यंतच्या एका वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे ऑटोमोबाइल असोसिएशनच्या निर्देशांकाने दाखवले. मानेच्या हिसक्याच्या, म्हणजे ‘व्हिपलॅश’च्या दाव्यांत सहा वर्षांत सुमारे ६० टक्के वाढ झाली, तर अपघातांची संख्या याच काळात पंचमांशाने घटली, असे सरकारतर्फे सांगितले जाऊ लागले. व्हिपलॅश ही इजा खरी असते आणि कधी महिनोन्‌महिने छळते, पण ती क्ष-किरणात दिसत नाही, तिचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते, आणि त्यामुळे सारा बाजार तिच्याभोवतीच जमला. यात सर्वांत जास्त अन्याय झाला तो खरोखर दुखावलेल्यांवर, कारण त्यांच्या दुखण्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

दिवाणी दाव्यांच्या खर्चाची तपासणी करण्याचे काम २००८ च्या अखेरीस अपील न्यायालयाचे न्यायाधीश सर रूपर्ट जॅक्सन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि त्यांचा अंतिम अहवाल १४ जानेवारी २०१० रोजी प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन शिफारशी एकमेकींना जोडून केल्या: सक्सेस फी आणि अपघातोत्तर विम्याचा हप्ता प्रतिवादीकडून वसूल करणे बंद करावे, आणि शारीरिक इजेच्या प्रकरणांतील रेफरल फीवर बंदी घालावी, किंवा बंदी मान्य नसेल तर ती २०० पौंडांवर रोखावी. जॅक्सन यांच्या मांडणीचे मोल या जोडणीत आहे. पैशाचा उगम आणि पैशाचा गैरवापर ही दोन्ही टोके त्यांनी एकाच वेळी धरली, आणि सक्सेस फीचा भार पुन्हा पक्षकाराकडे जाणार असल्याने त्याच्या भरपाईत दहा टक्के वाढ करावी, असेही सुचवले. परंतु वकिलांच्या सर्व नियामक संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या विधिसेवा मंडळाने मे २०११ मध्ये सरसकट बंदीची गरज नसल्याचे ठरवून पुन्हा पारदर्शकतेवरच भर दिला. २००४ ची चूक सात वर्षांच्या अनुभवानंतरही जशीच्या तशी मांडली गेली, हे खेदाने नोंदवावे लागते.

कोंडी फोडली ती जॅक स्ट्रॉ यांनी. ब्लॅकबर्नचे खासदार आणि २००७ ते २०१० या काळातील न्यायमंत्री असलेल्या स्ट्रॉ यांनी जून २०११ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये लेख लिहून, विमा कंपन्या स्वतःच्याच ग्राहकांची माहिती विकतात ही गोष्ट सामान्य विमेदारापुढे ठेवली. मंत्री असताना त्यांनी हे का केले नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तही होता, तरी तांत्रिक अहवालांत अडकलेला विषय त्यांच्यामुळेच प्रत्येक घरातल्या मोटार विम्याच्या पावतीशी जोडला गेला. काही आठवड्यांतच एका मोठ्या विमा कंपनीने आपण दलाली घेणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ९ सप्टेंबर २०११ रोजी सरकारने बंदीची घोषणा केली.

ही बंदी १ मे २०१२ रोजी राजसंमती मिळालेल्या कायद्याच्या ५६ ते ६० या कलमांत आहे. त्या कायद्याचे लांबलचक नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘लास्पो’ असे रूढ झाले. शारीरिक इजेचे किंवा मृत्यूचे प्रकरण दुसऱ्याकडे पाठवल्याबद्दल सॉलिसिटर, बॅरिस्टर, दावा-व्यवस्थापन कंपनी आणि विमा कंपनी यांपैकी कोणीही पैसे देऊ किंवा घेऊ नयेत, आणि पैसे म्हणजे केवळ रोकड असे न मानता कोणताही मोबदला त्यात धरावा, असा या कलमांचा आशय आहे. अ‍ॅक्सिडेंट ग्रुपच्या प्रकरणांतून मिळालेला धडा यात स्पष्ट उमटलेला दिसतो: एखादी रक्कम दलाली असावी असे नियामकाला वाटले, तर ती तशी मानण्याचे नियम त्याला करता येतात, आणि ती प्रत्यक्ष सेवेचा किंवा अन्य कशाचा मोबदला होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्या-घेणाऱ्यावर येते. मात्र हा भंग फौजदारी गुन्हा ठरवलेला नाही. शिक्षा त्या त्या व्यवसायाच्या नियामकाने करायची आहे. दलालीचा करार न्यायालयात बजावून घेता येत नाही, एवढा दिवाणी परिणाम कायद्याने सांगितला आहे. बंदी अमलात आली त्याच दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०१३ रोजी, जॅक्सन यांच्या शिफारशीचे दुसरे टोकही अमलात आले: सक्सेस फी पुन्हा पक्षकाराच्या भरपाईतून द्यायची झाली आणि शारीरिक इजेच्या दाव्यांत भावी नुकसानीची रक्कम वगळून उरलेल्या भरपाईच्या २५ टक्क्यांची मर्यादा तिला घातली गेली. लॉ सोसायटीने १९९५ मध्ये सल्ला म्हणून सांगितलेला आकडा अठरा वर्षांनी बंधनकारक झाला. वेदना आणि त्रास यांबद्दलच्या भरपाईत दहा टक्के वाढ सिमन्स विरुद्ध कॅसल या निकालाने केली. महिनाभरात पोर्टलवरील साध्या मोटार दाव्याची वकील-फी १,२०० वरून ५०० पौंडांवर आली. दावा-व्यवस्थापन कंपन्यांची संख्या यानंतर झपाट्याने घटली, आणि त्या घटीत बंदीपेक्षा या कपातीचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे.

जे टिकले त्यांनी रूप पालटले. २००७ च्या विधिसेवा कायद्याने वकील नसलेल्यांनाही विधिसंस्थेची मालकी घेण्याची मुभा दिली होती आणि असे परवाने २०१२ पर्यंत मिळू लागले होते. काही विमा कंपन्यांनी वकिलांच्या भागीदारीत स्वतःच्याच विधिसंस्था काढल्या, ज्यामुळे पूर्वी दलाली म्हणून येणारा पैसा नफ्यातील वाटा म्हणून, कायदा न मोडता, येऊ लागला. इतर काही ठिकाणी सॉलिसिटरांनी एकत्र येऊन जाहिरातीचा खर्च वाटून घेण्याच्या नावाने जुनीच व्यवस्था चालू ठेवली. शिवाय, मध्यस्थाला पैसे देणे बंद झाल्यावर ते थेट जखमी माणसाला देण्याची स्पर्धा लागली: दावा आमच्याकडे आणल्यास टॅब्लेट संगणक किंवा आगाऊ रोख रक्कम देऊ, अशा जाहिराती दिसू लागल्या. विम्याच्या हप्त्यातून ग्राहकाला लपवून दिलेली सूट जशी शेवटी इतर विमेदारांच्या हप्त्यातून भरून निघते आणि म्हणूनच भारतात १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने ती निषिद्ध आहे, तसाच प्रकार येथे दाव्याच्या बाजूने घडत होता. २०१५ च्या फौजदारी न्याय व न्यायालये कायद्याने इंग्लंडमध्ये अशा आमिषांना मनाई केली आणि दाव्याच्या मुळाशीच अप्रामाणिकपणा आढळल्यास संपूर्ण दावा फेटाळण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

याच वर्षी वैद्यकीय अहवालांचाही बंदोबस्त करण्यात आला. व्हिपलॅशच्या दाव्याला डॉक्टरांचा अहवाल लागतो, आणि तो पुरवणाऱ्या संस्थांशी दावेदारांच्या वकिलांचे आर्थिक संबंध असत. अहवालाची फी आधीच १८० पौंडांवर बांधली गेली होती. एप्रिल २०१५ पासून ‘मेडको’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून तज्ज्ञांची नावे यादृच्छिकपणे निघू लागली आणि वकिलाला मर्जीतला डॉक्टर निवडण्याची सोय उरली नाही. माहितीची चोरी मात्र चालू राहिली. २०१८ मध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला, अपघातग्रस्त ग्राहकांची माहिती सहकाऱ्यांच्या पासवर्डने चोरून काढल्याबद्दल, १९९० च्या संगणक दुरुपयोग कायद्याखाली सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने त्या कायद्याखाली चालवलेला तो पहिलाच खटला होता.

शेवटचा मोठा घाव घातला तो २०१८ च्या दिवाणी दायित्व कायद्याने, ज्याच्या व्हिपलॅशविषयक तरतुदी ३१ मे २०२१ पासून लागू झाल्या. व्हिपलॅशच्या भरपाईचे ठरीव दर आले, तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला तेव्हा २४० पौंड. वैद्यकीय अहवालाविना तडजोड करण्यास मनाई झाली, कारण विमा कंपन्या स्वतःच घाईघाईने पैसे देऊन प्रकरणे मिटवीत आणि त्यातून खोट्या दाव्यांना उत्तेजन मिळे. पाच हजार पौंडांपर्यंतच्या इजेचे बहुतेक मोटार दावे लघुवाद पद्धतीत गेले, जिथे जिंकणाऱ्यालाही वकिलाची फी प्रतिपक्षाकडून मिळत नाही. दलालीला पोसणारा झरा अशा रीतीने मुळाशीच आटला, परंतु त्याची किंमत खऱ्या जखमींनीही मोजली. ज्या इजेला पूर्वी हजारांत भरपाई मिळे तिला शेकड्यांत मिळू लागली आणि दावा बहुधा स्वतःच, पोर्टलवरील अर्ज भरून, चालवावा लागला. व्हिपलॅशबरोबर दुसरी इजाही झाली असल्यास भरपाई कशी मोजावी, यावर हसाम विरुद्ध राबोट या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये निकाल द्यावा लागला, आणि तो इतर इजेची भरपाई सामान्य कायद्याप्रमाणे मोजण्याच्या, म्हणजे जखमींच्या बाजूचा झाला.

लास्पोची बंदी शारीरिक इजेच्या प्रकरणांपुरतीच आहे, आणि त्यामुळे त्याच अपघातातून निघणारी दुसरी दलाली तिच्या कक्षेबाहेर राहिली. निर्दोष ड्रायव्हरला उधारीवर बदली गाडी देऊन तिचे भाडे दोषी ड्रायव्हरच्या विमा कंपनीकडून वसूल करणाऱ्या कंपन्यांचा धंदा चॅम्पर्टी ठरतो, असा विमा कंपन्यांचा युक्तिवाद हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये, जाइल्स विरुद्ध थॉम्सन या निकालात, फेटाळला होता. या कंपन्या ग्राहक पाठवल्याबद्दल दलाली देतात आणि घेणाऱ्यांत विमा कंपन्या व विम्याचे दलालही असतात. खाजगी मोटार विम्याच्या बाजाराची दोन वर्षे चौकशी करून स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये अंतिम अहवाल दिला. खर्च एकाने भागवायचा आणि त्यावर नियंत्रण दुसऱ्याचे, या विभागणीने हप्ते वाढतात असे त्यात नमूद केले, तरी बदली गाडीच्या व्यवहारांवर परिणामकारक आणि प्रमाणशीर उपाय सापडत नसल्याचे सांगून ही दलाली जशी होती तशीच राहू दिली.